बरें झालें म्हणजे किती?

अर्धांगाच्या झटक्यांतून उठून घरीं आलेल्या माणसास आपण विचारतों, "आतां कसें काय?" आणि तो बहुधा उत्तर देतो, "बरें आहे." घरगुती बोलण्यांत एवढें पुरतें, परंतु अमुक उपचारानें रोगी कितपत सावरला हें ठरवूं पाहणाऱ्या संशोधकास तें पुरत नाहीं. त्यास 'बरें' या शब्दाचें माप लागतें.

असें एक माप फ्लॉरेन्स महोनी व डॉरोथिया बार्थेल या दोन विदुषींनीं १९६५ सालीं अमेरिकेंतील मेरीलंड राज्याच्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. जेवणें, स्नान, कपडे घालणें, मलमूत्रावरील ताबा, चालणें, जिना चढणें इत्यादि दहा बाबतींत रोग्यास किती मदत लागते हें पाहून शून्यापासून १०० पर्यंत गुण द्यावयाचे. मात्र १०० गुण मिळविणारा मनुष्य एकटा राहूं शकेलच असें नाहीं, हें खुद्द त्या दोघींनींच बजावून ठेविलें आहे. स्वयंपाक, घरकाम किंवा चारचौघांत वावरणें त्यास अजूनहि साधत नसेल.

शिवाय या दहा बाबींत मनाचा प्रश्न कोठेंच येत नाहीं. जिना चढूं शकणारा मनुष्य दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसला, तरी त्याचा एकहि गुण कमी होत नाहीं! म्हणून मनासाठीं निराळें माप हवें.

पण तेथेंहि एक अडचण आहे. झोप न लागणें, अन्नावरची वासना उडणें, थकवा येणें हीं खिन्नतेचीं लक्षणें खरीं. परंतु शरीराच्या दुखण्यांतहि तींच दिसतात. केवळ त्यांवरून गुण मोजले, तर दुखणें शरीराचें आणि शिक्का मनावर, असें व्हावयाचें. हें टाळण्यासाठीं झिगमंड व स्नेथ यांनीं १९८३ सालीं रुग्णालयांतील रोग्यांकरितां चौदा प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. सात प्रश्न चिंतेचे, सात खिन्नतेचे. त्यांत शरीराच्या तक्रारींपेक्षां, पूर्वीच्या आवडीच्या गोष्टींत रोग्यास गोडी उरली आहे काय, अशा गोष्टींवर भर आहे. अर्थात् या गुणांवरून निदान होत नाहीं. अधिक तपासणी कोणाची करावी, एवढेंच समजतें.

तात्पर्य, हीं दोन्हीं मापें शेजारीं शेजारीं ठेवून वाचावयाचीं असतात. घरच्या मंडळींनींहि "आज किती पावलें चाललांत?" एवढ्यावर न थांबतां, "आज कोणाला भेटावेंसें वाटलें का?" हेंहि विचारावें. आणि दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आठवडेच्या आठवडे 'नाहीं' असेंच येत राहिलें, तर तें डॉक्टरांस अवश्य कळवावें.