पोहण्याचा पोशाख

पोहताना, तसेच सागरकिनारी वा तलावाकाठी वावरताना घालावयाचा खास वस्त्रप्रकार. पाण्यात हातपायांना मोकळीक मिळावी, भिजल्यावर कापडाचा भार वाढू नये व ते लवकर वाळावे, ही या पोशाखाची मूळ गरज होय. तथापि पोहणारी व्यक्ती पाण्यात शिरण्यापूर्वी व पाण्याबाहेर आल्यावर चारचौघांच्या नजरेसमोर असते. त्यामुळे त्याचे स्वरूप केवळ पाण्याच्या गुणधर्मांनी ठरले नाही. लोकाचार, नगरपालिकांचे नियम, वस्त्रोद्योगातील शोध आणि क्रीडासंघटनांच्या अटी यांचाही त्यावर परिणाम झाला. स्त्रियांच्या बाबतीत तो अधिक जाचक ठरला. कोणता पोशाख चालेल, यावर त्यांना पोहता येईल की नाही, हे पुष्कळदा अवलंबून राहिले.

पूर्वेतिहास : प्राचीन काळी बहुतेक समाजांत पोहण्यासाठी वेगळा पोशाख नव्हता. लोक विवस्त्र अथवा नित्याच्या कटिवस्त्रानिशी पोहत. सिसिलीतील प्यात्सा आर्मेरीना गावाजवळील रोमन प्रासादात चौथ्या शतकातील एक कुट्टिमचित्र असून त्यात उरोवस्त्र व आखूड कटिवस्त्र घातलेल्या तरुणी दिसतात. आधुनिक बिकिनीशी त्याचे साम्य अनेकदा दाखविले जाते. परंतु या तरुणी धावणे, चेंडू, थाळीफेक अशा खेळांत गुंतलेल्या आहेत. तो पोशाख व्यायामाचा होय, पोहण्याचा नव्हे.

यूरोपात खास स्नानवस्त्रे रूढ झाली, ती अठराव्या शतकात व तीही औषधोपचाराच्या निमित्ताने. रिचर्ड रसेल या इंग्रज वैद्याने ग्रंथींच्या विकारांवर समुद्रजलाचा उपयोग प्रतिपादन करणारा प्रबंध १७५० मध्ये प्रसिद्ध केला आणि ब्रायटनसारख्या किनाऱ्यांवर रुग्णांची रीघ लागली. घोड्याने ओढलेल्या चाकांच्या लाकडी खोलीत कपडे बदलून स्त्रिया थेट पाण्यात उतरत. त्यांचा झगा घोळदार व जाड कापडाचा असे. पाण्यात तो वर तरंगू नये म्हणून त्याच्या काठात कधी कधी शिशाच्या चकत्या शिवीत. मार्था वॉशिंग्टन हिचा असा झगा अमेरिकेत जतन केलेला आहे. अशा वस्त्रात बुडी मारता येई. पोहणे मात्र दुष्कर होते.

एकोणिसाव्या शतकात आगगाडीमुळे समुद्रकिनारा मध्यमवर्गाच्या आटोक्यात आला. सहलीसाठी येणाऱ्या स्त्रिया गडद रंगाचा लोकरी अंगरखा, त्याखाली विजार आणि लांब पायमोजे घालीत. भिजलेली लोकर जड होई. अनेक ठिकाणी पाण्यात दोर बांधलेले असत व त्यांना धरून लाटा अंगावर घेणे, एवढ्यावरच स्त्रियांना समाधान मानावे लागे.

विसावे शतक : या परिस्थितीत बदल घडवून आणण्यात स्त्री-जलतरणपटूंचा वाटा मोठा आहे. ऑस्ट्रेलियाची ॲनेट केलरमन (१८८६–१९७५) लहानपणी अधू झालेले पाय सुधारावेत म्हणून पोहणे शिकली. तिने पुरुषांसारखा अंगाबरोबर बसणारा एकसंध पोशाख स्वीकारला व त्याचा जाहीर पुरस्कार केला. १९०७ मध्ये बॉस्टनजवळच्या रिव्हिअर किनाऱ्यावर या पोशाखापायी आपल्याला अटक झाल्याची हकीकत ती पुढे सांगत असे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या जलतरण शर्यतींचा प्रथमच समावेश झाला. शंभर मीटरची शर्यत जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या फॅनी ड्युरॅक हिला तेथे जाण्यासाठी आधी स्वदेशातील संघटनेचा नियम बदलून घ्यावा लागला होता; पुरुष प्रेक्षकांसमोर स्त्रियांनी पोहण्यास त्या नियमाने मनाई होती.

याच सुमारास विणकाम उद्योगाने या पोशाखात लक्ष घातले. अमेरिकेतील पोर्टलंड येथील एका विणमाल कारखान्याने ताणल्या जाणाऱ्या विणीचे लोकरी पोशाख काढले. तो पुढे जँट्झन या नावाने प्रसिद्धी पावला. सिडनीच्या मॅक्रे कारखान्याने १९२८ मध्ये स्पीडो हे नाव घेऊन पाठ व खांदे मोकळे ठेवणारा पोशाख आणला. १९३२ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकमध्ये क्लेअर डेनिस हिच्या अशा पोशाखातून खांद्याची हाडे दिसतात, अशी तक्रार झाली. ती फेटाळली गेली व डेनिसने सुवर्णपदक मिळविले. किनाऱ्यावरील बंधने मात्र सहजासहजी सैल झाली नाहीत. १९२२ मध्ये वॉशिंग्टन येथे गुडघा व पोशाखाची कड यांमधील अंतर पोलीस फीत लावून मोजत. पुरुषांनाही छाती झाकणे सक्तीचे होते. ही सक्ती १९३०–४० या दशकात क्रमाक्रमाने नाहीशी झाली. त्याच दशकात रबरी धाग्याच्या लवचिक कापडाने लोकरीची जागा घेण्यास सुरुवात केली.

बिकिनी : लुई रेआर या फ्रेंच अभियंत्याने ५ जुलै १९४६ रोजी पॅरिसमधील मोलितॉर तरणतलावावर नाभी उघडी ठेवणारा दोन तुकड्यांचा पोशाख सादर केला. नेहमीच्या वस्त्रप्रदर्शक तरुणी तो घालण्यास तयार नसल्याने मिशेलिन बर्नार्दिनी या नर्तकीने तो घातला. चारच दिवस आधी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी या कंकणद्वीपावर अणुबाँबची चाचणी केली होती. रेआरने तेच नाव उचलले. या चाचण्यांसाठी मार्च १९४६ मध्ये १६७ रहिवाशांना बेट सोडावे लागले होते. १९५८ पर्यंत तेथे २३ चाचण्या झाल्या व किरणोत्सर्गामुळे त्यांना कायमचे परतता आले नाही. पोशाखाचे नाव जगभर झाले. बेटाचा इतिहास मात्र मागे पडला.

आरंभी इटली, स्पेन इ. देशांतील अनेक किनाऱ्यांवर बिकिनीला मज्जाव होता. ब्रिझित बार्दो हिची १९५३ मधील कान येथील छायाचित्रे आणि डॉ. नो (१९६२) या चित्रपटातील अर्सुला अँड्रेस हिची भूमिका यांमुळे ती लोकप्रिय झाली. नायलॉन आणि १९५८ मध्ये ड्युपाँ कंपनीत तयार झालेला, पुढे लायक्रा नावाने विकला गेलेला धागा यांमुळे हलके, अंगाबरोबर बसणारे व लवकर वाळणारे पोशाख स्वस्तात मिळू लागले.

स्पर्धेचे पोशाख : स्पर्धांत पाण्याचा अवरोध कमी करणे, हे मुख्य उद्दिष्ट असते. २००८ मध्ये स्पीडो कंपनीने पॉलियुरेथेनचे पट्टे बसविलेला, सर्वांग आवळणारा पोशाख आणला. पुढील वर्षी रोम येथील जागतिक स्पर्धेत पूर्ण पॉलियुरेथेनचे पोशाख वापरात येऊन ४३ विश्वविक्रम मोडले गेले. हे यश जलतरणपटूचे की कापडाचे, असा प्रश्न उपस्थित झाल्याने १ जानेवारी २०१० पासून केवळ विणलेल्या कापडाचे पोशाख मान्य करण्यात आले. पुरुषांसाठी नाभीपासून गुडघ्यापर्यंत व स्त्रियांसाठी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, अशी मर्यादाही घालण्यात आली.

भारत : भारतात नदी, विहीर व तलाव यांवर पुरुष लंगोट लावून पोहत, कोळ्यांचा रुमाल व गोव्यातील काष्टी ही पाण्यातील कामास सोयीची वस्त्रे होत. स्त्रिया बहुधा नेसत्या लुगड्यानिशीच पाण्यात उतरत. आजही अनेक सहलप्रेमी स्त्रिया नेहमीच्याच कपड्यांत समुद्रात शिरतात. भिजलेले पायघोळ वस्त्र पायांत अडकते, हा त्यातील धोका आहे. ब्रह्मचारी (१९३८) या मराठी चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर यांनी पोहण्याच्या पोशाखात केलेले जलविहाराचे दृश्य फार गाजले व त्यावर टीकाही झाली. १९५९ मध्ये आरती साहा या इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्या पहिल्या आशियाई महिला ठरल्या. मूळ गोमंतकीय व मुंबईत जन्मलेल्या रीटा फारिया १९६६ मध्ये विश्वसुंदरी झाल्या, तेव्हा जलतरण-पोशाखाच्या फेरीतही त्या प्रथम आल्या होत्या. १९६० नंतरच्या दशकाअखेरीस कळंगुट, हणजूण इ. किनाऱ्यांवर परदेशी हिप्पी येऊ लागले आणि गोव्यात किनारी वेशभूषेची निराळी बाजारपेठ उभी राहिली.

अलीकडील वाद : पोशाखाविषयीच्या बंधनांचे स्वरूप एकविसाव्या शतकात काही अंशी उलटे झाले. ऑस्ट्रेलियातील अहेदा झनेटी यांनी २००४ मध्ये मुस्लिम स्त्रियांसाठी चेहरा, हात व पावले वगळता अंग झाकणारा ‘बुर्किनी’ तयार केला. २०१६ मध्ये कानसह अनेक फ्रेंच नगरांनी त्यावर बंदी घातली. त्यांपैकी व्हिलनव्ह-लुबे येथील बंदी फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्याच वर्षी २६ ऑगस्टला स्थगित केली. २०२१ मध्ये नॉर्वेच्या महिला पुळण-हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी आखूड विजार घातली म्हणून त्यास १,५०० यूरो दंड झाला. पुढे त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने तो नियम बदलला. एकेकाळी अंग उघडे टाकल्याबद्दल शिक्षा होई. या दोन्ही प्रकरणांत ती अंग झाकल्याबद्दल झाली. पोशाखाची लांबी स्त्रीने स्वतः ठरवावी की इतरांनी, हा प्रश्न मात्र दोन्ही काळांत तोच राहिला.