पोलाद घडवणाऱ्या बायकांचा पुतळा

आज आपण पुतळ्यांविषयी बोलू या.

पुतळा म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? घोड्यावर बसलेले राजे, नाहीतर हातात पुस्तक घेतलेले थोर पुरुष. जयंतीला शिडी लावून हार घालायचा, खाली नाव कोरलेलं. त्यांचा मान आहेच. पण काही पुतळे असे असतात की ते कुणा एकाचे नसतात. ते एका कामाचे आणि ते काम करणाऱ्या सगळ्यांचे असतात. चेन्नईला मरीना किनाऱ्यावर देवीप्रसाद रॉय चौधरी यांनी घडवलेलं असंच एक ब्राँझचं शिल्प आहे, १९५९ सालचं. चार मजूर एक भला मोठा धोंडा रेटताहेत, बस्स. फोटो पाहिला तरी आपल्या खांद्याला ताण बसतो. फार चांगलं शिल्प आहे ते. पण चौघंही पुरुष. डोक्यावर पाटी घेतलेली बाई त्यात नाही, आणि ती तर दगडमातीच्या प्रत्येक कामावर असते.

बाईमाणसाच्या कामाचा पुतळा शोधायला आज आम्ही तुम्हाला जरा लांब नेतो. इंग्लंडमध्ये शेफिल्ड नावाचं शहर आहे, तिथे.

नाव नवीन वाटेल, पण या गावाची खूण तुमच्या मांडणीवरच आहे. स्टीलचा डबा, स्टीलचं ताट. हे न गंजणारं पोलाद १९१३ साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रियर्ली यांनी बनवलं. सगळं शहरच पोलादावर जगणारं. १९३९ साली दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि कारखान्यांतले पुरुष लढाईवर जाऊ लागले. विमानं, तोफा, जहाजं, सगळ्याला पोलाद हवं. मग डिसेंबर १९४१ मध्ये सरकारने कायदाच केला. २० ते ३० वर्षांच्या, लग्न न झालेल्या स्त्रियांना युद्धाच्या कामावर घ्यायचं. येता का म्हणून विचारायचं नाही, बोलावणंच धाडायचं.

कालपर्यंत दुकानात उभ्या राहणाऱ्या, घरकाम करणाऱ्या पोरी पोलादाच्या कारखान्यात आल्या. कुणी लेथवर, कुणी उंच क्रेनवर. कानठळ्या बसवणारा आवाज, भट्टीची धग, वर रातपाळी. डिसेंबर १९४० मध्ये शहरावर दोन रात्री बॉम्ब पडले होते, सहाशेहून जास्त माणसं गेली होती. पुन्हा कधी पडतील याचा नेम नाही, अशा दिवसांत या बायका पाळीला जात. आणि मजुरी? पुरुषांपेक्षा कमी. हे ऐकून तुम्हाला नवल वाटणार नाही.

१९४५ ला युद्ध संपलं, पुरुष परत आले आणि बायकांना सांगण्यात आलं की आता तुमची गरज नाही. धड आभारही कुणी मानले नाहीत. त्या घरी गेल्या, संसाराला लागल्या. मुलं झाली, नातवंडं झाली. साठाहून जास्त वर्षं गेली.

पुढची गोष्ट चार म्हाताऱ्यांची आहे. कॅथलीन रॉबर्ट्स, किट सॉलिट, रूबी गॅस्कॉइन आणि डोरोथी स्लिंग्सबी. युद्धाच्या काळात शेतात राबलेल्या बायकांचा इंग्लंडच्या सरकारने २००८ साली बिल्ले देऊन सन्मान केला. आणि आमचं काय? आम्ही पोलाद घडवलं त्याचं काय? कॅथलीनबाईंनी २००९ मध्ये ‘द स्टार’ या तिथल्या वर्तमानपत्राला फोन केला आणि हा सवाल टाकला. बातमी छापून आली, तशा इतर जणीही पुढे आल्या. चौघींनीही ऐंशी ओलांडलेली. त्यांनी मागणी लावून धरली की शहराच्या मध्यभागी आमच्या कामाची खूण उभी राहिली पाहिजे.

पैसा लोकांकडून गोळा झाला. दीड लाख पौंडांहून जास्त रक्कम जमली. आणि १७ जून २०१६ ला शेफिल्डच्या सिटी हॉलसमोर पुतळा उघडा झाला. मार्टिन जेनिंग्ज या शिल्पकाराने तो घडवलाय. हातात हात गुंफून उभ्या असलेल्या दोन तरुण बायका, अंगावर कारखान्यातले कपडे. ना घोडा, ना तलवार. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर ‘पोलादी स्त्रिया’. मागे सिटी हॉलच्या खांबांवर युद्धातल्या बॉम्बने पाडलेले टवके अजून तसेच ठेवलेत. जागा अगदी नेमकी निवडली, असं आम्हाला वाटतं.

फोन केला २००९ ला, पुतळा झाला २०१६ ला. ऐंशी-नव्वदीच्या बाईला सात वर्षं म्हणजे किती, ते सांगायला नको. कितीतरी जणी तोवर थांबल्या नाहीत.

आता तुम्ही विचाराल, काम केलं पोलादाचं आणि पुतळा ब्राँझचा कसा? ब्राँझ म्हणजे आपलं कांस्य. तळपायाला तेल लावून घासायला काशाची वाटी वापरता ना, त्याच कुळातला धातू. तांब्यात कथील मिसळून होतो. वाटीच्या काशात कथील बरंच जास्त असतं, पुतळ्याच्या ब्राँझमध्ये साधारण दहा भागांत एक भाग. साधं लोखंड पावसात गंजतं. ब्राँझवर हवापाण्याने नुसता तपकिरी-हिरवट थर चढतो आणि तोच थर आतला धातू राखतो. शिवाय वितळलेलं ब्राँझ साच्याच्या बारीकसारीक खाचांत शिरतं. कपड्याची चुणी, बोटाचं नख, सगळं उठतं.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एवढा मोठा पुतळा आतून पोकळ असतो. शिल्पकार आधी मातीचा पुतळा करतो. त्यावरून साचा घेतात. साच्याच्या आतल्या बाजूला मेणाचा थर देतात, जेवढी धातूची जाडी हवी तेवढाच. मग त्या मेणाला आतून-बाहेरून आग सोसेल असं लिंपण करून भाजतात. मेण वितळून निघून जातं, त्याची जागा रिकामी राहते आणि त्या जागेत हजार अंशांच्या वर तापवलेला रस ओततात. हात, धड, डोकं असे तुकडे वेगवेगळे ओतून नंतर जोडतात आणि सांधे घासून मोडतात. आपल्याकडचे ओतारी घंटा, घुंगरं, समया ओततात, ते त्यांच्याच जातीचं काम. फक्त इथे पुष्कळ मोठं.

गटाच्या बैठकीत यावर कुणीतरी म्हणेलच की पुतळ्याला एवढा पैसा कशाला, त्यात दवाखाना झाला असता. बोलणं खोटं नाही. पण हा प्रश्न घोड्यावरच्या पुतळ्याला कुणी विचारत नाही, बाईच्या पुतळ्यापाशी आल्यावरच तो आठवतो. आणि शेफिल्डच्या बायकांचं मागणं तरी काय होतं? आम्ही इथे होतो, आम्ही हे केलं, एवढं दिसू द्या.

आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा खडी फोडायला, माती वाहायला बायका गेल्या होत्या. पाझर तलाव झाले, रस्ते झाले. सुकडी खाऊन दिवस काढले. तेव्हा पंधरा-वीस वर्षांच्या असलेल्या त्या आज सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. ब्राँझचा पुतळा आपल्या गटाला झेपणार नाही, पण वही झेपते. पुढच्या बैठकीला आपल्या वस्तीतल्या अशा आजींना, आत्यांना बोलवा. कोणत्या कामावर होतात, सोबत कोण होतं, रोजाचे किती मिळायचे, लेकरू कुठे निजवायचात, असं सगळं विचारा आणि लिहून घ्या. तलावाचं नाव लिहा, रस्त्याचं लिहा, आणि बाईचं नाव पूर्ण लिहा. नुसतं ‘अमक्याची आई’ नको. आमच्याकडे पाठवलंत तर पुढच्या भागांत वाचून दाखवू. आणि ज्या आजींना स्वतः बोलायचं असेल, त्यांना माइकपाशी घेऊन या.