काटवल आणि त्याचा वांझ वेल

मृगाचा पाऊस पडला की सालेकसा भागातल्या रानात काटवलाचे वेल वर येतात. बी तर कोणी पेरलेले नसते. मग वेल येतो कुठून? जमिनीत त्याचा कंद असतो. हिवाळ्यात वेल वाळतो, कंद मात्र जिवंत राहतो. पाऊस लागला की त्याला पुन्हा कोंब फुटतो.

मग बाजारात हिरवी, काटेरी काटवले दिसू लागतात. पुण्या-कोकणाकडे यालाच कर्टोली म्हणतात. शेजारच्या छत्तीसगडात खेकसी म्हणतात. काकडी, दोडका यांच्याच कुळातले हे फळ. दिसायला कारल्याचे भावंड, पण कारल्यासारखे कडू नाही. काटे मऊ असतात, काढावे लागत नाहीत. घेताना कोवळे घ्यावे. पिवळे पडले की आतले बी टणक होते. चिरून जून बी काढावे. तेलात कांदा, लसूण, मिरची टाकून मंद आचेवर परतावे. पाणी घालू नये, भाजी गिळगिळीत होते. भिजवलेली हरभऱ्याची डाळ टाकली तर भाजी पुरवठ्यालाही येते. गरम भाताबरोबर मग दुसरे काही लागत नाही, असे आमचे मत आहे!

आता वांझ वेलाची गोष्ट. काही वेलांना फुले येतात, फळ कधीच येत नाही. लोक त्याला वांझ म्हणतात आणि उपटून टाकतात. पण तो वांझ नाही, तो नर आहे. पपईत नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे, तसेच हे. संध्याकाळी पिवळे फूल उमलले की नीट पाहा. मादी फुलाच्या खाली इवलेसे काटेरी फळ आधीच असते. नर फुलाखाली नुसता देठ. नराचे पराग मिळाले तरच ते इवले फळ वाढते, नाही तर गळून जाते. आठ-दहा मादी वेलांमागे एक नर हवाच. त्याला उपटले तर बाकीचे वेलही रिकामे राहतात.

या वेलाचा कंद औषधासाठीही खणतात. जुन्या वैद्यकात काटवलाला कर्कोटकी म्हणतात. मूळव्याध, ताप, डोकेदुखी यांवर कंद देण्याची चाल आहे. साखरेच्या आजारातही काटवल खा म्हणतात. भाजी जरूर खावी, पण डॉक्टरांची गोळी बंद करू नये.

वांझ वेलाचा कंद सापाच्या विषावर उगाळून देतात. इथे मात्र आम्हाला स्पष्ट बोलले पाहिजे. कंदाने विष उतरत नाही. काही वेळा साप बिनविषारी असतो, किंवा चावतो पण विष सोडत नाही. माणूस वाचतो आणि नाव कंदाचे होते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर एकच औषध आहे, ते म्हणजे सर्पविषाची लस. घोड्याला थोडे थोडे विष टोचतात. त्याच्या रक्तात विषाला मारणारे द्रव्य तयार होते. त्यापासून ही लस बनते. सरकारी दवाखान्यात ती मिळते.

मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. कंद उगाळत बसलो तर हाच वेळ जातो. चावलेली जागा कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. हात-पाय हलू न देता माणसाला आडवे ठेवावे, १०८ नंबरला फोन करावा. गाडीला उशीर लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा.