लैंगिक कल उपचारांनी बदलता येतो का?

मुलाने किंवा मुलीने आपण समलैंगिक असल्याचे घरी सांगितले की पालकांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. हॉर्मोनची तपासणी करायची का? एखादे औषध आहे का? लग्न लावून दिले तर फरक पडेल का? उत्तर आधीच सांगतो, म्हणजे निम्मी धावपळ वाचेल. समलैंगिकता हा आजार नाही, आणि लैंगिक कल बदलू शकेल असा कोणताही उपचार वैद्यकशास्त्राकडे नाही.

हॉर्मोनची तपासणी करून काय कळेल?

या प्रश्नाचे उत्तर त्या तपासणीतून मिळत नाही. समलैंगिक पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन सहसा इतर पुरुषांइतकेच असते. बाहेरून ते दिले तर फार तर कामेच्छा वाढते, ती कोणाबद्दल वाटते हे बदलत नाही. वर विनाकारण हॉर्मोन घेतल्याचे दुष्परिणाम आहेतच. जनुकांचेही तसेच. २०१९ मध्ये सुमारे पावणेपाच लाख लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असे एकच ठरावीक जनुक सापडले नाही. अनेक जनुके आणि इतर घटक मिळून हा कल घडतो. आईने जास्त लाड केले किंवा वडील फार कडक होते म्हणून असे झाले, याला पुरावा नाही. तेव्हा 'आमचं काय चुकलं' हा विचार मनातून काढून टाका.

मग 'बदल झाला' असे काही लोक का सांगतात?

हा वाद समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. त्या निर्णयात डॉ. रॉबर्ट स्पिट्झर यांचा मोठा वाटा होता. याच स्पिट्झर यांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपला कल बदलला असे सांगणाऱ्या २०० जणांच्या त्यांनी फोनवर मुलाखती घेतल्या आणि काहींमध्ये खरोखर बदल होतो असा निष्कर्ष काढला. उपचार करणाऱ्यांनी तो उचलून धरला. 'ज्यांनी यादीतून काढलं तेच सांगताहेत' म्हटल्यावर लोकांचा विश्वास बसणारच!

पण त्यात पुरावा होता तो फक्त त्या लोकांच्या शब्दांचा. त्यांतले बरेच जण अशा उपचारांचा प्रचार करणाऱ्या संस्थांमार्फतच आले होते. उपचार न घेतलेल्यांशी तुलना नव्हती. २०१२ मध्ये स्पिट्झर यांनी या टीकेत तथ्य असल्याचे मान्य करून समलैंगिकांची माफी मागितली. पुढच्याच वर्षी असा बदल घडवण्याचे काम करणारी 'एक्झोडस इंटरनॅशनल' ही मोठी संस्था बंद झाली, आणि तिच्या प्रमुखांनीही माफी मागितली.

काहींचे आकर्षण आयुष्यात आपोआप थोडेफार बदलते, हेही खरे आहे. पण आपोआप होणारा बदल वेगळा आणि उपचाराने घडवून आणणे वेगळे. पूर्वी त्यासाठी विजेचे झटके आणि उलटीची औषधेही वापरली गेली. हाती काय लागले? नैराश्य, स्वतःबद्दल घृणा आणि काहींच्या बाबतीत आत्महत्येचे विचार.

भारतात काय स्थिती आहे?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये, असे उपचार करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असे राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले. म्हणजे 'दहा सिटिंगमध्ये बरा करतो' म्हणून पैसे घेणारा डॉक्टर भेटलाच, तर तक्रार करता येते. अंगारा-धुपारा करणाऱ्यांबद्दल मी वेगळे काय सांगणार?

लग्नाबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. लग्नाने कल बदलत नाही. उलट, ज्या मुलीला किंवा मुलाला काहीही न सांगता या घरात आणले जाते, त्याचेही आयुष्य यात अडकते. 'एक मूल झालं की सगळं ठीक होईल' हा सल्ला देणारे नातेवाईक नंतर निस्तरायला येत नाहीत.

डॉक्टरांची गरज केव्हा असते?

झोप उडणे, जेवण तुटणे, अभ्यासातून किंवा कामातून लक्ष उडणे, खोलीबाहेर न येणे, मरणाची भाषा करणे, यांपैकी काही दिसले तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जरूर जा. तिथे उपचार होतो तो नैराश्याचा आणि चिंतेचा, कलाचा नव्हे. जाण्याआधी फोनवर थेट विचारा, 'तुम्ही कल बदलण्याचे उपचार करता का?' उत्तर 'हो' आले तर दुसरे डॉक्टर शोधा. मुलाचे वय कितीही असो, त्याला फसवून नेऊ नका, त्याची संमती घ्या. आणि तुम्हालाच झोप लागत नसेल, तर तुम्हीही जा. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. आत्महत्येचे बोलणे ऐकू आले तर मुलाला एकटे सोडू नका, आणि त्याच दिवशी दाखवा.