बारीक अंगातली चरबी

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन असते, पण पेशी त्याला पुरेशी दाद देत नाहीत. स्वादुपिंड हळूहळू थकते. भारतीयांत हे बेताच्या वजनावरही घडते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) सारखाच, २२.३, चरबी मात्र अनुक्रमे २१.२ आणि ९.१ टक्के! ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००४ मध्ये ही जोडी छापली. म्हणून वजनकाट्यापेक्षा टेप बोलकी: कंबर पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढे गेली की धोका वाढतो. साखर सीमारेषेवर असलेल्यांनी आहार सांभाळून ७ टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करणे हे लक्ष्य ठेवले, तेव्हा अमेरिकेतील २००२च्या चाचणीत मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, मेटफॉर्मिन या औषधाने ३१. भारतीय चाचणीत (२००६) जीवनशैलीबदलाने झालेली घट मात्र सुमारे २८ टक्केच होती.