कलर कॉन्टॅक्ट लेन्स घेताय? ८.६ आणि १४.२ हे आकडे आधी समजून घ्या

लग्नसराई जवळ आली की रील्समध्ये हेझल, ग्रे, हनी अशा डोळ्यांची गर्दी सुरू होते. पूर्वी अशा लेन्स हव्या असतील तर पुण्या-मुंबईहून आणाव्या लागायच्या. आता नांदेड काय आणि लातूर काय, मोबाईलवर ऑर्डर टाकली की चार दिवसांत पार्सल घरी. ॲपवर आधी रंग निवडायचा, पॉवरच्या जागी ०.०० ठेवायचं, आणि मग खाली बारीक अक्षरात एक ओळ येते: बीसी ८.६, डीआयए १४.५. बहुतेक जण ही ओळ न वाचताच पैसे भरून मोकळे होतात. रंग आवडला नाही तर फार तर पैसे वाया जातात, पण या ओळीतली गडबड थेट डोळ्याला भोवू शकते.

म्हणून आज फक्त साइजबद्दल बोलू. रंग तुमचा तुम्ही निवडा.

बॉक्सवरचे आकडे काय सांगतात?

बीसी म्हणजे बेस कर्व्ह. लेन्स आतून किती गोल आहे, ते हा आकडा मिलिमीटरमध्ये सांगतो. आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त खोलगट. आकडा मोठा, तर लेन्स जास्त पसरट. सॉफ्ट लेन्समध्ये हा आकडा साधारण ८.४ ते ८.८ च्या दरम्यान असतो आणि सगळ्यात जास्त दिसतो तो ८.६.

डीआयए म्हणजे डायमीटर, लेन्सची एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची रुंदी. आपल्या बुबुळाची रुंदी साधारण ११ ते १२.५ मिलिमीटर असते. सॉफ्ट लेन्सनं ते पूर्ण झाकून चारही बाजूंनी मिलिमीटरभर पांढऱ्या भागावर यायला हवं, म्हणून लेन्स १४ च्या आसपास असते. एअर ऑप्टिक्स कलर्स १४.२ ची येते, फ्रेशलूक कलरब्लेंड्स १४.५ ची.

काही ब्रँड 'जी डीआयए' नावाचा तिसरा आकडा छापतात. तो फक्त रंगीत वर्तुळाचा. डोळे मोठे, बाहुलीसारखे दिसणार की नाही, हे या आकड्यावर ठरतं. फसगत होते ती इथंच. 'मोठे डोळे हवेत' म्हणून लोक डीआयए मोठा असलेली लेन्स शोधतात. पण लेन्सची बाहेरची कड पारदर्शक असेल, तर १४.५ ची लेन्ससुद्धा १४ च्या लेन्सपेक्षा लहान दिसू शकते. म्हणजे दिसायला फरक काहीच नाही आणि बसायला घट्ट!

वाटीचं गणित

घट्ट का, ते समजायला स्वयंपाकघरात जा. सारख्याच गोलाईच्या दोन वाट्या घ्या, त्यातली एक तोंडाला जरा रुंद. रुंद वाटी खोल पण जास्त असणार. लेन्सचंही तेच आहे. साध्या भूमितीनं काढलं तर ८.६ बेस कर्व्ह आणि १४.० डायमीटरच्या लेन्सची खोली ३.६० मिलिमीटर येते. बेस कर्व्ह तोच ठेवून डायमीटर १४.५ केला की खोली ३.९७. डायमीटर फक्त अर्धा मिलिमीटर वाढला, पण खोली ०.३७ नं वाढली.

आता डायमीटर १४.२ वर ठेवू आणि बेस कर्व्ह ८.६ वरून ८.४ करू. खोली ३.७५ वरून ३.९१ होते. म्हणजे फरक ०.१६ चा. सगळे जण ज्याची चर्चा करतात, त्या बीसीमधल्या ०.२ च्या फरकापेक्षा डीआयएमधला अर्धा मिलिमीटर दुपटीहून भारी पडला. आणि ८.८/१४.२ घेतली तर खोली पुन्हा ३.६० च, अगदी ८.६/१४.० सारखी. खऱ्या लेन्सची कड आणि मटेरियल वेगळं असतं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे हलतात, पण हिशेब हाच. दोन आकडे वेगवेगळे बघायचे नाहीत, जोडीनं बघायचे. "मला ८.६ लागते" एवढंच म्हणणं म्हणजे शर्टाची फक्त बाही मोजून साइज सांगणं.

चिठ्ठीवर ७.८, मग लेन्स ८.६ ची कशी?

चष्म्याच्या दुकानात एका मशीनसमोर हनुवटी टेकवून बसवतात, आत एखादं घर किंवा फुगा दिसतो, आणि मग कागदाची छोटी चिठ्ठी बाहेर येते. ती फेकू नका. बऱ्याच मशीनच्या चिठ्ठीवर खाली आर-वन, आर-टू असे आकडे असतात: ७.७०, ७.८२ वगैरे. हे तुमच्या कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या गोलाईचं माप. काही ठिकाणी तेच ४३.२५ किंवा ४४.०० अशा डायऑप्टरमध्ये असतं. रूपांतर सोपं आहे: ३३७.५ ला त्या आकड्यानं भागा. ४४ असेल तर ७.६७ मिलिमीटर.

हे बघून काही हुशार मंडळी ७.८ ची लेन्स शोधत बसतात. सॉफ्ट लेन्समध्ये ती मिळत नाही आणि मिळायचीही गरज नाही. सॉफ्ट लेन्स कॉर्नियाच्या पलीकडे पांढऱ्या भागावर टेकते आणि तो भाग जास्त पसरट असतो, म्हणून लेन्स नेहमी कॉर्नियापेक्षा पसरटच घेतात. ७.८ च्या डोळ्याला ८.६ ची लेन्स बसणं हे अगदी नेहमीचं आहे. पण बुबुळ नेहमीपेक्षा मोठं किंवा लहान असेल, कॉर्निया फार उभार किंवा फार सपाट असेल, तर मात्र हे ठोकताळे चालत नाहीत.

आणि एक खरी अडचण सांगतो. कलर लेन्सचा एक ब्रँड बहुतेक वेळा एकाच बीसी आणि एकाच डीआयएमध्ये येतो. शूजसारखा सात-आठ-नऊ असा पर्याय नसतो. त्यामुळे साइज निवडायची म्हणजे प्रत्यक्षात ब्रँड निवडायचा. एखादी लेन्स बसत नसेल तर त्याच कंपनीचा दुसरा रंग घेऊन काही होणार नाही.

मोबाईलनं माप घेता येईल का?

थोडक्यात उत्तर: नाही. फिल्टरमध्ये रंग कसा दिसेल ते कळतं, साइज नाही. काही ॲप 'पीडी' मोजतात, पण ते दोन बाहुल्यांमधलं अंतर आहे, चष्म्यासाठी लागतं. गालाला पट्टी लावून सेल्फी काढायची युक्तीही चालणार नाही. पट्टी आणि बुबुळ एकाच अंतरावर नसतात, आणि इथं तर अर्ध्या मिलिमीटरचा प्रश्न आहे. गोलाई तर फोटोतून कळतच नाही.

पॉवरचंही तसंच. चष्मा डोळ्यापासून सेंटिमीटरभर लांब असतो, लेन्स डोळ्याला चिकटून. त्यामुळे नंबर मायनस ४ च्या पुढे असेल तर लेन्सचा नंबर कमी होतो. चष्मा मायनस ५ असेल तर लेन्स साधारण मायनस ४.७५, चष्मा मायनस ८ असेल तर लेन्स साधारण मायनस ७.२५. सिलिंडर नंबर असणाऱ्यांना तर कलर लेन्समध्ये पर्याय फार थोडे.

मग फिटिंग तपासतात कसं?

ट्रायल लेन्स घालून. लेन्स डोळ्यात घातल्यावर थोडा वेळ बसवून ठेवतात आणि मग स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या मशीनखाली बघतात. पापणी मिटल्यावर लेन्स किंचित, अर्ध्या मिलिमीटरच्या आत, सरकायला हवी. मग खालच्या पापणीवरून बोटानं लेन्स हलकीच वर ढकलतात. ती सहज सरकून परत जागेवर आली पाहिजे.

सैल लेन्स लगेच कळते. टोचते, जास्त सरकते, रंगीत वर्तुळ एका बाजूला जातं, पापणी लवली की नजर धूसर होते. घट्ट लेन्स मात्र लबाड असते. ती हलत नाही, म्हणून सुरुवातीला उलट जास्त आरामदायक वाटते. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, तो ऑक्सिजन हवेतून घेतो, अश्रूंच्या मार्फत. घट्ट लेन्सखाली अश्रूंची ये-जा अडते आणि कचरा तिथंच साचतो. संध्याकाळी डोळे लाल, लेन्स काढल्यावर पांढऱ्या भागावर गोल वळ, काढताना लेन्स चिकटून बसणं, ही तिची लक्षणं. "मला तर काहीच त्रास नाही" यावर म्हणूनच फार विसंबू नका.

रात्री गाडी चालवणाऱ्यांसाठी आणखी एक. कलर लेन्सच्या मधोमध पारदर्शक भोक असतं. अंधारात तरुणांची बाहुली बरीच मोठी होते, कधी त्या भोकापेक्षाही मोठी. मग रंगाची कड नजरेच्या आड येते आणि समोरच्या हेडलाइटभोवती धुरकट कडं दिसतं. वरातीनंतर रात्री बाईकवर परतायचं असेल, तर लेन्स आधी काढून ठेवा.

आपल्याकडचं ऊन आणि टाकीचं पाणी

एप्रिल-मे मध्ये नांदेड-लातूरला पारा ४० च्या वर आणि हवा कोरडी. अशा हवेत सॉफ्ट लेन्समधलं पाणी कमी होतं आणि लेन्स आणखी घट्ट होते. पावसाळ्यात नीट बसलेली लेन्स मे महिन्यातल्या मांडवात का चिकटते, याचं उत्तर हे आहे. त्यात क्लासेसची मुलं तासन्‌तास स्क्रीनवर लेक्चर बघतात, तेव्हा पापण्या कमी लवतात. डोळे आधीच कोरडे पडत असतील तर फिटिंगच्या वेळी ते आवर्जून सांगा.

पाण्याचं तर विचारूच नका. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ड्रम, टाकी, बोअर, जे मिळेल ते साठवून वापरायची सवय आपल्याला आहेच. पण लेन्सला हे पाणी अजिबात लावू नका, आरओचंही नाही आणि बाटलीबंद सुद्धा नाही. अकँथअमिबा नावाचा सूक्ष्म जीव नळाच्या आणि साठवणीच्या पाण्यात असू शकतो. लेन्सबरोबर तो डोळ्यात गेला तर कॉर्नियाला होणारा संसर्ग महिनोन्‌महिने छळतो आणि नजरही जाऊ शकते. फक्त लेन्स सोल्यूशन, तेही रोज नवीन. अंघोळीला किंवा गोदावरीत उतरण्याआधी लेन्स बाहेर. मैत्रिणीची लेन्स 'एकदाच, फोटोपुरती' घालणं बंद, कारण तिची साइज तुमची नाही आणि तिचे जंतूही नकोत.

घेताना

अमेरिकेत २००५ पासून शून्य नंबरच्या फॅशन लेन्सलासुद्धा डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागतं. भारतातही लेन्स हे मेडिकल डिव्हाइस धरलं जातं. बॉक्सवर बीसी, डीआयए, एक्स्पायरी, लॉट नंबर आणि बाहेरून आलेली असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता बघा. यातलं काही नसेल तर रंग कितीही आवडू दे, सोडून द्या. महिनाभराची लेन्स उघडल्यापासून महिनाच चालते, दोनदाच घातली असली तरी.

दुकानात गेल्यावर सरळ विचारा: "स्लिट लॅम्प आहे का? ट्रायल देता का?" सगळ्या चष्म्याच्या दुकानांत हे नसतं. नसेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे किंवा ऑप्टोमेट्रिस्टकडे फिटिंग करून घ्या आणि ब्रँड, बीसी, डीआयए, पॉवर चिठ्ठीवर लिहून मागा. तिचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी ऑनलाइन मागवताना तोच फोटो समोर धरायचा.

लेन्स काढूनही डोळा लाल राहिला, दुखायला लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसलं, तर मेडिकलमधून ड्रॉप आणून घालत बसू नका; त्यात स्टिरॉइड असेल तर संसर्ग बळावतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडे नेत्र विभाग आहे. जाताना ती लेन्स आणि तिची डबी सोबत न्या, धुवू नका. जंतू कोणता आहे, हे त्यावरूनही तपासता येतं.