भातावरचं तूप

साडेबारा वाजलेत. वॉर्डातल्या लांब टेबलावर ताटं येतात. वरण-भात, दुधीची भाजी, पोळी, दही. ताईच्या भातावर चमचाभर तूप आहे आणि तिची नजर तिथेच खिळली आहे. बाहेर मे महिन्याचं ऊन, तरी तिच्या अंगात स्वेटर. उपाशी शरीर ऊब धरून ठेवू पाहतं, म्हणून हातांवर बारीक लव उगवली आहे.

सिस्टर स्वतःचं ताट घेऊन शेजारी बसतात. जेवायला अर्धा तास.

ताई पोळीचे कण करू लागते.

"एवढे बारीक नकोत, ताई. नेहमीसारखा घास घ्या."

ती थांबते. चार कण एकत्र करून तोंडात घालते. डोळे भरून येतात, पण घास उतरतो. कोणी शाब्बास म्हणत नाही. इथे जेवण हे औषध आहे, आणि ते वेळेवर घ्यायचं असतं.

सुरुवातीला हे ताट लहान होतं आणि रक्त रोज तपासत. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं आणि हृदयावर बेतू शकतं. म्हणून आधी थायमिन दिलं, मग एकेक पदार्थ वाढवला.

ताईच्या उशाशी पाककृतींची वही असते. त्यातलं ती काहीच खात नाही. डॉक्टरांनी तिला मिनेसोटातला प्रयोग सांगितला आहे. 1944-45 मध्ये अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना अनेक महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा त्यांच्यातलेही काही जण पाककृती वाचत बसू लागले, उदास झाले. उपासमार मनालाही धरते.

आज सकाळी ताईने विचारलं, "कॉलेजपासूनचं दुखणं आहे. आता चाळिशीत कोण बरं होतं?"

डॉक्टर म्हणाले, "बोस्टनमध्ये अशा रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केलाय. 9 वर्षांनी सुमारे 31 टक्के बऱ्या झाल्या होत्या, 22 वर्षांनी सुमारे 63. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही."

आता ती तूप भातात कालवते. हात थरथरतो. सिस्टर आपला घास चावत राहतात. ताट रिकामं होतं. पुढचा तासभर बाथरूमला कुलूप असेल, म्हणून मी पत्ते काढतो.

पत्ते पिसताना ताई सिस्टरांना म्हणते, "उद्या माझं ताट मी वाढून घेऊ?"

"घ्या. माप मी बघेन."

"तूपसुद्धा मीच वाढेन," ताई म्हणते.